लष्कराच्या भाकऱ्यांचा तौलनिक अभ्यास

बावन्नाव्या वर्षी माणसाने काय काय करावं याबद्दल जगात मतभेद असतील, पण परीक्षेला बसू नये याबद्दल तरी एकमत असावं, असं सरांना मनापासून वाटे. तरीही ते बसले होते. हौस म्हणून नव्हे. लॉ कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला ते कित्येक वर्षं करार कायदा शिकवत आले होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या पदवीची आठवण कुणालाच झाली नव्हती. ती झाली नव्या प्राचार्यांना. पदव्युत्तर पदवी नसेल त्याला दोन वर्षांनंतर वर्ग मिळणार नाही, असा नियम निघाला. "नियम सर्वांना सारखा आहे," असं प्राचार्य हसून म्हणाले. तो लागू होणारे मात्र सर एकटेच होते.

दिवसा सर कोर्टाच्या आवारात टेबल टाकून प्रतिज्ञापत्रं करून देत. घर त्यावर चालायचं, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तिथे लोक त्यांना "अहो, स्टॅम्पवाले" अशी हाक मारत. दिवसभरात कुणी 'सर' म्हणायचं ते फक्त त्या संध्याकाळच्या वर्गात. तो वर्ग गेला की आपण नुसते स्टॅम्पवाले उरणार, या भीतीने सरांनी फी भरली, दप्तर म्हणता येणार नाही अशी एक बॅग घेतली आणि 'तौलनिक कायदा' या विषयाला नाव घातलं.

तौलनिक कायदा म्हणजे तीन-चार देशांचे कायदे शेजारीशेजारी मांडायचे आणि कुणाचं काय चुकतं ते बघत बसायचं. हे काम सोसायटीतली माणसं जिन्यात उभी राहून फुकट करतात. विद्यापीठात त्याला दोन वर्षं लागतात. पहिलं वर्ष सरांनी लेकराच्या वयाच्या मुलांबरोबर कसंबसं काढलं. दुसऱ्या वर्षी प्रबंध आला, आणि प्रबंधाला मार्गदर्शक म्हणून ज्या मॅडम आल्या त्या सरांचीच जुनी विद्यार्थिनी निघाल्या. त्या त्यांना 'सर' म्हणत, हे त्यांना 'मॅडम' म्हणत, आणि आधी खुर्चीवर कुणी बसायचं या प्रश्नात दर भेटीची पहिली काही मिनिटं उभ्यानेच जात.

प्रबंधाचा विषय सरांनी स्वतः निवडला होता. शेजारी गावाला गेलाय, त्याच्या घरावर काही संकट आलं, आणि कुणी न सांगता तुम्ही त्याच्या भल्यासाठी धावलात, तर कायदा तुम्हाला काय देतो? फ्रेंच कायदा म्हणतो, काम उपयोगाचं झालं असेल तर मालकाने खर्च भरून द्यावा. मात्र एकदा हात घातलात की मालकाला स्वतः बघता येईपर्यंत काम मधेच सोडायचं नाही. जर्मन कायदा विचारतो, मालकाची इच्छा काय असती? ती ओळखायला हवी होती आणि तिच्याविरुद्ध केलंत, तर नुकसान तुमच्या गळ्यात. इंग्लिश कायदा एरवी एवढंच विचारतो की तुम्हाला सांगितलं होतं कुणी.

"म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या," असं सरांची बायको म्हणाली. ती पोस्टाच्या काउंटरवर होती, आणि दिवसभर लोकांची लांबण ऐकल्यामुळे घरी आल्यावर कुठल्याही गोष्टीचा तीन शब्दांत निकाल लावत असे.

"याला रोमन कायद्यापासूनची दोन हजार वर्षांची परंपरा आहे," सर दुखावून म्हणाले.

"एवढी वर्षं भाजताहेत, अजून जेवायला कुणी बोलावलेलं दिसत नाही."

घरच्या माणसाला विद्वत्ता कळत नाही, हेही रोमन काळापासूनचंच असावं.

प्रबंधाची चार प्रकरणं झाली. पाचवं लिहून सर मॅडमकडे गेले, तेव्हा त्यांनी ते वाचलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. जुन्या मास्तरला नापास कसं म्हणावं याचा तो विचार होता. सरांनीही आयुष्यभर असंच टोपण लावलं-काढलं होतं, त्यामुळे त्यांना तो लगेच ओळखू आला.

"सर, फ्रेंच छान लिहिलंय. जर्मनही. पण ही तुलना नाही. तिन्ही देश एका मजल्यावर राहताहेत, एकमेकांशी बोलत नाहीत. यात तुमचा प्रश्न कुठला? एक खरं उदाहरण घ्या, जिवंत. आणि तिघांना त्यावर भांडू द्या."

"आणि नाही मिळालं तर?"

"महिनाअखेर आहे, सर. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

खरं उदाहरण असं मागितल्याबरोबर मिळत नाही. सर आठवडाभर त्याची वाट पाहत होते. शेजारी कुणाच्या घरावर एखादं मध्यम आकाराचं संकट यावं, फार नुकसान होऊ नये, मालक बाहेर असावा, अशी त्यांची माफक अपेक्षा होती. आणि रविवारी दुपारी, हात धुवून ते वाचायला बसणार तोच, समोरच्या बंद दाराखालून पाणी आलं.

समोर ऑडिटर राहायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं ऑडिट काही निवृत्त झालं नव्हतं. सरांच्या चपलांच्या कपाटाने सामाईक पॅसेजमधली वीतभर जागा खाल्ली, असा आक्षेप त्यांनी सोसायटीच्या सभेत मोजपट्टीसकट मांडला होता. सरांनी त्यावर कलमं म्हणून दाखवली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मधल्या काळात ऑडिटरांच्या पत्नी वारल्या; त्या दिवशी सर जाऊन चार लोकांत उभे राहून आले, पण त्या प्रसंगी बोलावं लागत नाही. आता ऑडिटर त्या रविवारी सकाळीच बहिणीकडे पंधरा दिवसांसाठी गेले होते. निघाले तेव्हा नळाला पाणी नव्हतं, आणि कोरडा नळ बंद करायचं कुणाच्या लक्षात राहतं? दुपारी पाणी आलं.

बघता बघता जिन्यात माणसं जमली. पहिल्या आल्या खालच्या काकू, कारण पाणी त्यांच्याच छताकडे निघालं होतं. मग सेक्रेटरी आले, हाफपँटवर.

"गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करा," काकू म्हणाल्या.

"त्याने सगळ्या बाजूचं पाणी जाईल," सेक्रेटरी म्हणाले. "रविवार आहे, लोकांच्या बादल्या भरायच्यात." हा मुद्दा मात्र जमलेल्या सर्वांनी एकमताने उचलून धरला. सोसायटीच्या इतिहासात असं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं नव्हतं.

"दार फोडायचं का मग?"

"तसं करता येतं का कायद्याने?" असं कुणीतरी विचारलं आणि सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

सर याच क्षणाची दोन वर्षं वाट बघत होते. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली. "इथे तीन विचारधारा आहेत." पहिली संपेपर्यंत पाणी पायपुसण्यापर्यंत आलं. दुसरीत मालकाची गृहीत इच्छा कशाला म्हणतात हे ते समजावत होते, तेव्हा पाणी पहिली पायरी उतरलं. तिसरी काकूंनी ऐकली नाही. त्या खाली आपल्या घरात टोप लावायला धावल्या.

"अहो, त्यांना फोन करा ना," सरांची बायको म्हणाली. "नंबर खाली फळ्यावर लिहून गेलेत. मीच लावते थांबा."

"मी लावतो," सर घाईने म्हणाले, आणि आपल्या बाल्कनीत गेले.

इथे सरांच्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं. न बोलण्याचा अहंकार होताच. पण त्याहून मोठं काही होतं. फोन लागला, आणि ऑडिटर "हो, फोडा दार" म्हणाले, तर ते सांगितलेलं काम झालं असतं. आणि सांगितलेल्या कामाला प्रबंधात जागा नव्हती. पाचवं प्रकरण, पदवी, संध्याकाळचा वर्ग, सगळं त्या एका 'हो'वर वाहून गेलं असतं. फोनमध्ये भांडणापूर्वीपासून असलेला नंबर सरांनी लावला. एक रिंग वाजू दिली. आणि कापला.

"लागत नाही," बाहेर येऊन ते म्हणाले.

सेक्रेटरींनी कुठून तरी पहार आणली. कुलूप दणकट निघालं, ते तसंच राहिलं. कडीसकट चौकटीची एक फळी मात्र उपटून आली. ती उपटत असतानाच सरांच्या खिशात फोन वाजायला लागला. त्यांनी पाहिलं, नंबर मघाचाच होता. हात गुंतलेले होते, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. फोन वाजून वाजून थांबला.

आत गेल्यावर स्वयंपाकघरातला नळ बंद करायला एक सेकंद पुरला. खरं म्हणजे गोष्ट इथे संपायची. पण चौकट फुटल्याने दार लागेना, आणि उघडं घर सोडून जायचं कसं? शिवाय फ्रेंच कायदा पाठीशी उभा: हात घातलात, आता मधेच सोडता येणार नाही. सरांनी ऑडिटरांच्या हॉलमध्ये खुर्ची टाकली आणि ते राखणीला बसले. बायकोने चहा समोरच्या घरात आणून दिला. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते सरांनी पाहायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. नुसती फळी बसणार नाही, म्हणाला, अख्खी चौकट बदलावी लागेल. चौकट बदलताना बाजूचं प्लॅस्टर पडलं. प्लॅस्टरला गवंडी आला. गवंड्याने ओटा पाहिला आणि खालची कपाटं पाण्याने फुगलीत हे दाखवून दिलं. सरांना ती तोवर बरी दिसत होती. कपाटं उतरवली, त्यातली भांडी हॉलमध्ये आली. ओले पडदे बायकोने धुवायला टाकले, ते वाळल्यावर गुडघ्यापर्यंतच आले. येणारा प्रत्येक कारागीर आधीच्याने काम बिघडवलंय असं सांगून आपलं काम सुरू करी, आणि सर प्रत्येकाला मान हलवत. पैसे सरांच्याच खिशातून जात होते, आणि कोर्टातलं टेबल तीन दिवस रिकामं राहिलं. घरी बायको एकच वाक्य बोले, "अजून किती?" आणि त्याला तिन्ही कायद्यांत उत्तर नव्हतं.

शेजाऱ्यांचं येणंजाणं वाढलं. ऑडिटरांना सरांनी कळवलंच असेल, असं प्रत्येकाने गृहीत धरलं होतं. इतकी वर्षं ऑडिटरांनी कुणाला उंबऱ्याआत घेतलं नव्हतं. आता दारच नसल्याने सगळ्यांना आत बघता आलं. घर स्वच्छ होतं, पण रंग फार जुना. हॉलची भिंत खालून हातभर भिजली होती. रंगारी म्हणाला, "खालचा पट्टा मारला तर वरचं मळकट दिसेल, साहेब. पूर्ण भिंत घ्या." काकू म्हणाल्या, मोतिया घ्या. सेक्रेटरी म्हणाले, पांढरा घ्या, पण सोसायटी एक पैसा देणार नाही. शेवटी मोतिया ठरला. ऑडिटरांच्या हॉलचा रंग असा बहुमताने निघाला.

"आणि हा डाग, साहेब?" रंगाऱ्याने विचारलं.

वेताच्या खुर्चीमागे, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, भिंतीवर तेलाचा एक मोठा तपकिरी डाग होता. चांगला ताटलीएवढा. "यावर रंग धरणार नाही. साबणाने घासून, पॉलिश पेपर मारून, वरून प्रायमर द्यावा लागेल."

"शी," काकू म्हणाल्या. "एवढा हिशेबी माणूस, आणि हे दिसलं नाही कधी त्यांना."

"घासा," सर म्हणाले. या सगळ्या खटाटोपात निखळ उपयोगाचं असं हे एकच काम आपल्या हातून होतंय, असं त्यांना वाटलं. दुपारभर रंगाऱ्याने घासलं. भिंत कोरी झाली.

रोज वर्ग सुटल्यावर सर त्याच हॉलमध्ये, भांड्यांच्या ढिगात बसून पाचवं प्रकरण लिहीत. आणि आश्चर्य म्हणजे ते लिहिलं जात होतं. फ्रेंच, जर्मन आणि इंग्लिश, तिघंही त्या चौकटीवरून, कपाटांवरून, मोतिया रंगावरून हमरीतुमरीवर आले होते. मॅडमनी मसुदा वाचला आणि त्या खुलल्या. "सर, पहिल्यांदा यात तुम्ही दिसलात! फक्त एक राहिलं. मालकाची इच्छा काय असती, हे तुम्ही गृहीत धरलंय. पण मालक आहेत ना? ते आले की विचारा. एक परिच्छेद टाका, मी सही करते."

ऑडिटर आले ते संध्याकाळी, हातात एक पिशवी घेऊन. दारात थांबले. नवी चौकट बोटाने वाजवून पाहिली. जुन्याची किल्ली त्यांच्याकडेच असल्याने नवं बसवलेलं कुलूप पाहिलं. सर किल्ली हातात घेऊन उभेच होते. पाठ केलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं: पाणी, जिना, काकूंचं छत, पहार.

"फोन करायचा होता," ऑडिटर म्हणाले.

"केला होता. लागला नाही."

"लागला होता. एकदा वाजला. मी गाडीत होतो. मी उलट लावला, तुम्ही उचलला नाहीत." जुन्या सवयीने ते आक्षेप क्रमाने मांडत होते, पण आवाजात जोर नव्हता. "मला वाटलं, चुकून लागला असेल. आपलं बोलणं कुठं आहे?"

ऑडिटर आत गेले. कपाटं पाहिली, पडदे पाहिले, आखूड पडद्यांखालून मान वाकवून बाहेरही पाहून घेतलं. मग हॉलमध्ये आले आणि वेताच्या खुर्चीसमोर थांबले.

"इथं डाग होता."

"हो ना," सर म्हणाले. इथे तरी शाबासकी मिळेल असं त्यांना वाटलं. "फार हट्टी होता. घासून घासून काढला."

ऑडिटर भिंतीजवळ गेले. जिथे डाग होता तिथे त्यांनी तळहात ठेवला. जागा बरोबर कुठली, ते आता कळत नव्हतं. हात जरा डावीकडे गेला, मग वर.

"ती टेकून बसायची इथं," ते म्हणाले. "मी रोज ओरडायचो. भिंत खराब होते म्हणून. ती गेल्यावर रंग द्यायचा म्हणून दोनदा रंगारी बोलावला, आणि दोनदा परत पाठवला."

त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यातून प्रतिज्ञापत्रातल्यासारखी काहीतरी वाक्यं येऊ लागली. ऑडिटरांनी किल्ली घेतली आणि म्हणाले, "दमलोय हो. जा तुम्ही आता."

त्या दिवशी सरांनी बायकोला एका रिंगेचं सांगितलं. तिने ओरडावं असं त्यांना वाटत होतं. ती ओरडली नाही. "त्या बाई मला भेटल्या की माझ्या केसांना हात लावून बघायच्या," ती म्हणाली. "कोरडे ठेवू नकोस म्हणायच्या." मग उठून तिने मोठा दिवा लावला आणि सरांच्या समोर कागद ठेवले, कारण महिनाअखेर कुणासाठी थांबत नाही.

परिच्छेद लिहायला बसल्यावर सरांच्या लक्षात आलं की हिशेब उलटा बसतोय. चौकट, कपाटं, भिंत, सगळं घर आधीपेक्षा चांगलं झालं होतं. कागदावर ऑडिटरच सरांचं देणं लागत होते. तेलाच्या डागाची किंमत कुठल्याच देशाने धरलेली नव्हती. सर्वांच्या दृष्टीने ती सफाई होती. 'मालक समाधानी आहेत' असं लिहिलं असतं तर मॅडम सही करणार होत्या, आणि ऑडिटर काही प्रबंध वाचायला विद्यापीठात जाणार नव्हते. सरांनी तसं लिहून पाहिलंही. मग खोडलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी पाचवं प्रकरण उघडलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्ही इथे लिहिलंय, मालकाला विचारणं शक्य होतं. फोन केला, आणि मुद्दाम कापला."

"हो."

"का?"

"ते हो म्हणाले असते, तर उदाहरण गेलं असतं."

मॅडमनी मान खाली घातली. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे तुमचं हे उदाहरण विषयात बसतच नाही. विचारता येत असताना विचारलं नाही, तर ती मदत नव्हे, लुडबूड. जर्मन कायदा एवढंच सांगतो की आधी कळवा आणि उत्तराची वाट बघा. मग हे उदाहरण प्रबंधात ठेवलंत कशाला?"

सरांना थकवा आला होता. दोन वर्षांचा, आणि त्या पंधरा दिवसांचा वेगळा. "बाकीचं सगळं पुस्तकातलं आहे," ते म्हणाले. "एवढंच मी केलंय."

परीक्षकांनी बराच वेळ टोपण लावलं, काढलं. मग त्यांनी आकडा लिहिला. सर काठावर पास झाले. मॅडमनी बाहेर येऊन अभिनंदन केलं, प्राचार्यांनी नियम सर्वांना सारखा असल्याचं पुन्हा सांगितलं, आणि पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात सरांचा वर्ग होता तिथेच राहिला. घरी बायको म्हणाली, "सुटलो." हे तिने एका शब्दात आटपलं.

त्या संध्याकाळी सर समोरच्या दाराशी गेले. बेल वाजवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ऑडिटरांनी दार उघडलं.

"पास झालो," सर म्हणाले. "तेवढंच सांगायला नव्हतो आलो. म्हणजे, मला विचारायचं होतं... मी काही करू शकतो का? जे सांगाल ते."

"काही करू नका," ऑडिटर म्हणाले.

सर मान हलवून वळले.

"अहो, जाऊ नका. काही करू नका म्हणालो. या, बसा."

सर आत गेले. हॉलमध्ये बसायला वेताची खुर्ची तेवढी मोकळी होती. ते तिच्या अगदी कडेवर, पाठ ताठ ठेवून, मोतिया भिंतीपासून हातभर अंतर राखून बसले. ऑडिटर चहाचे दोन कप घेऊन आले आणि त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

"नीट बसा की. टेका मागं."

"नको. भिंत..."

"टेका हो," ऑडिटर म्हणाले. "आता ती जपायची कुणासाठी?"

सरांनी हळूच मागे सरून डोकं भिंतीला टेकवलं. ऑडिटरांनी कप त्यांच्या हातात दिला, समोर बसले, आणि दोघांनी चहा घेतला.